पाहुणा शिक्षक आणि यजमानाची भाषा : अष्टमी ते फलटण

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोन्ही गावांची नगरपरिषद एकच असून तिच्या नावातही ही गावे जोडीनेच येतात. रोह्याचे नाव चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यामुळे महाराष्ट्राबाहेर पोचले. अष्टमीचे नाव मात्र एका आडनावातून समुद्रापार गेले. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, बेने इस्राएल समाजाने आपली आडनावे गावांवरून घेतली. रोहेकर, पेणकर, केहिमकर, झिराडकर यांच्याच पंक्तीत ‘अष्टमकर’ हे आडनाव येते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज घरात मराठी बोलत असे, आणि १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाली तेव्हा ही गावांची नावेही त्यांच्याबरोबर गेली.

परदेशात जाऊन तेथील मुलांना इंग्रजी शिकवण्याची जी स्वयंसेवी चळवळ गेल्या काही दशकांत जगभर पसरली आहे, तिची चिकित्सा करताना अष्टमीपासून आरंभ करण्याचे कारण या समाजाच्या इतिहासातच आहे. दूरदेशीचा शिक्षक मुलांना परकी भाषा शिकवण्यासाठी येतो, हा प्रसंग कोकणच्या या पट्टीने एकदा नव्हे, अनेकदा अनुभवला आहे. या विषयावरील पुष्कळसे लेखन येणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे. त्यात त्याचा त्याग असतो, त्याला आलेला अनुभव असतो, त्याचे बदललेले जीवन असते. ज्याच्या घरी हा पाहुणा आला त्या यजमानाने त्याच्याकडून काय घेतले, काय नाकारले आणि पाहुणा निघून गेल्यावर त्याच्या हाती काय उरले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात हाच निकष लावून काही उदाहरणांचा विचार केला आहे.

राहाबीची कथा

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएल समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहिला. तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. या ग्रंथामुळे डेव्हिड राहाबी याची परंपरागत कथा अभ्यासकांच्या परिचयाची झाली. राहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. येथील तेली आपले धर्मबांधव असावेत असा त्याला संशय आला. खात्री करून घेण्यासाठी त्याने तेथील स्त्रियांना मासे रांधावयास दिले. पर आणि खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले. ते आपल्यात चालत नाहीत, असे त्या म्हणाल्या. हिब्रू भाषा हा समाज विसरलेला होता, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखोद्गत होती. राहाबीने मग तीन तरुण निवडले, त्यांना हिब्रू वाचावयास आणि धर्मविधी चालवावयास शिकवले व त्यांच्याकडे समाजाचे काम सोपवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती तीन घराणी असून त्यांच्याकडे ‘काजी’पद चालत आले, असे ही परंपरा सांगते.

राहाबी नेमका कोणत्या शतकातील, किंबहुना ही एकच ऐतिहासिक व्यक्ती होती की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. केहिमकर त्याला फार प्राचीन काळात नेतात. कोचीनच्या अठराव्या शतकातील राहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडणारेही आहेत. परंतु येथे कथेची ऐतिहासिकता तितकीशी महत्त्वाची नाही. एका समाजाने आपल्याकडे आलेल्या शिक्षकाची आठवण कोणत्या आकारात जपून ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. या कथेतील शिक्षक प्रथम शिकवत नाही. तो प्रथम विचारतो. समाजाला काय येत नाही याची मोजणी करण्याऐवजी काय अजून येते याचा तो शोध घेतो, आणि ते त्याला सापडते स्वयंपाकघरात, स्त्रियांच्या हातात. दुसरे असे की, तो सर्व मुलांना गोळा करून स्वतः वर्ग घेत बसत नाही. तो शिक्षक घडवतो. तिसरे म्हणजे त्याच्या जाण्याने काम थांबत नाही, कारण ते त्याच्यावर अवलंबून ठेवलेलेच नसते. अध्यापनशास्त्राच्या आजच्या परिभाषेत यांना पूर्वज्ञानाची तपासणी, शिक्षक-प्रशिक्षण आणि हस्तांतरण अशी भारदस्त नावे आहेत. कोकणातल्या तेल्यांनी ती एका माशाच्या गोष्टीत सांगून ठेवली.

अर्थात या कथेत स्त्रियांची परीक्षा होते आणि शिक्षण मात्र तीन पुरुषांना मिळते, हेही नजरेआड करता येत नाही.

मिशन शाळा : हेतू आणि उपयोग

एकोणिसाव्या शतकात या पट्टीत व एकूणच मराठी मुलखात आलेले पाहुणे शिक्षक निराळे होते. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोचले. स्कॉटिश मिशनचे काम १८२३ पासून बाणकोट-हर्णै भागात सुरू झाले. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आले आणि आरंभीचे काही महिने त्यांनी हर्णैच्या बाजूस राहून मराठी शिकण्यात घालवले. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक असलेल्या सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या प्राथमिक शाळा मराठीतून चालत होत्या. विल्सन यांची इंग्रजी शाळा १८३२ मध्ये सुरू झाली, पुढे तिचेच विल्सन महाविद्यालय झाले; पण ती मराठी शाळांच्या नंतर आली.

मिशनऱ्यांचा हा मराठीचा आग्रह भाषाप्रेमातून आलेला होता असे समजणे भाबडेपणाचे होईल. पवित्र ग्रंथ प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचला पाहिजे, ही त्यांच्या पंथाची भूमिका होती आणि धर्मांतर हे त्यांचे उघड उद्दिष्ट होते. म्हणजे मुलांची भाषा आत्मसात करणे ही चांगल्या शिक्षकाची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी अट नव्हे. ज्याला मुलांची भाषा येते तो मुलांचे हितच साधेल असे नाही. तो आपले हेतूही अधिक कार्यक्षमतेने साधू शकतो. स्वयंसेवी अध्यापनाविषयीच्या आजच्या चर्चेत ‘स्थानिक भाषा शिका’ हा उपदेश सर्व दोषांवरचा उतारा म्हणून सांगितला जातो, तेव्हा मिशन शाळांचा हा इतिहास आठवावा.

बेने इस्राएल समाजाने या शाळांचे काय केले, हा भाग अधिक उद्बोधक आहे. त्यांची मुले मिशन शाळांत गेली. काहींनी तेथे शिक्षक म्हणून कामही केले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले, त्याचा उपयोग या समाजाला झाला. ज्या समाजाला ख्रिस्ती करावयाचे त्याला त्याच्याच धर्मग्रंथांची भाषा मिशनऱ्यांनी शिकवावी, हा योगायोग मजेदार खरा. परंतु त्याचा परिणाम मिशनच्या अपेक्षेविरुद्ध झाला. धर्मांतरे अत्यल्प झाली. उलट, समाज आपल्या परंपरेकडे अधिक जाणतेपणाने वळला. पेसाहच्या सणात वाचावयाची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ते मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते. राहाबीच्या कथेतील राजपूरकर हेच आडनाव येथे पुन्हा भेटते. खुद्द केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला साहाय्य केले. मदत बाहेरून आली खरी, पण शाळा कोणाची, हे समाजाने ठरवले होते.

हाच न्याय अहमदनगर-पुणे या मार्गावरही दिसतो. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून आपणास प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली ती मराठी. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन करणाऱ्या कविताही आहेत, आणि त्यामुळे ‘परक्यांची इंग्रजी म्हणजे केवळ गुलामी’ हे सोपे समीकरण महाराष्ट्राच्या संदर्भात टिकत नाही. ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांना इंग्रजीचे दार उघडे दिसले, आणि ते त्यांनी डोळसपणे ओलांडले. फुले दांपत्याच्या बाबतीत महत्त्वाचे हे की, पाहुण्या शिक्षकाकडून घेतलेले त्यांनी पाहुण्याच्या मदतीवाचून, आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांसाठी पुढे चालवले.

उलटा प्रवास

परदेशात जाऊन शिकवणारा नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे येतो, हा समज पंडिता रमाबाईंच्या उदाहरणाने तपासून पाहता येतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठातील ज्या भगिनी पुण्यात काम करण्यासाठी येणार होत्या, त्यांना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्यांच्याकडून स्वतः इंग्रजी शिकावे, अशी ही देवघेव होती. भाषेच्या बाबतीत इतका समतोल करार त्या काळात दुर्मिळच म्हणावा लागेल. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवल्यास मायदेशी त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे कारण देण्यात आले. रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना कळवले की, आपल्या आईने किंवा आपण तरुणांना शिकवण्यास आपल्या वडिलांनी वा पतीने कधीही आक्षेप घेतला नव्हता, मग इंग्रज मंडळींनी तो घ्यावा याचे आश्चर्य वाटते.

या वादात रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेतलेली नाही. शंका आहे ती वसाहतीतून आलेल्या स्त्रीने राज्यकर्त्या समाजातील पुरुषाचे शिक्षकपद घेण्याविषयी. म्हणजेच शिक्षक कोण होऊ शकतो हे ज्ञानावरून नव्हे, तर कोण कोणत्या दिशेने प्रवास करतो यावरून ठरत होते. हा मुद्दा विसाव्या शतकातील स्वयंसेवी अध्यापनाला जसाच्या तसा लागू पडतो.

१९६१ आणि नंतर

१९६१ या वर्षी पुढील चर्चेच्या दृष्टीने तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेत पीस कोअरची स्थापना झाली आणि त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतात येऊ लागले. १९७६ पर्यंत हा कार्यक्रम भारतात चालू होता. युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनाविषयी राष्ट्रकुल परिषद झाली. आणि मॅक्सीन बर्नसन ही मिशिगन राज्यातील तरुणी हैदराबादच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यासाठी भारतात आली. तिसऱ्या गोष्टीकडे पुढे वळू.

मकेरेरे परिषदेतून जी गृहीतके रूढ झाली त्यांची चिकित्सा रॉबर्ट फिलिप्सन यांनी भाषिक साम्राज्यवादावरील १९९२ च्या ग्रंथात केली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, जितकी लवकर आणि जितकी अधिक तितकी बरी, आणि इंग्रजी ज्याची मातृभाषा तोच तिचा आदर्श शिक्षक, ही त्यांतील मुख्य गृहीतके होत. शेवटचे गृहीतक नसते तर आजचे स्वयंसेवी इंग्रजी अध्यापन उभेच राहिले नसते. गणित शिकवण्यासाठी कोणी अठरा वर्षांच्या अप्रशिक्षित मुलाला दुसऱ्या खंडात पाठवत नाही. इंग्रजीसाठी पाठवतात, कारण तेथे जन्म हीच पात्रता मानली जाते. ही पात्रता पुरी करण्यासाठी बाजारात जो अभ्यासक्रम सर्रास विकला जातो तो १२० तासांचा असतो. मराठी मुलखातील डी.एड. झालेल्या शिक्षकाने दोन वर्षे घालवावीत आणि परदेशी पाहुण्याने १२० तास, तरीही वर्गात मान पाहुण्याला मिळावा, यातील विसंगती शिक्षणक्षेत्रातल्या कोणाच्याही ध्यानात येईल. केट सिम्प्सन यांनी २००४ मधील आपल्या लेखात शालेय शिक्षण व महाविद्यालय यांच्या मधल्या वर्षात परदेशी जाणाऱ्या तरुणांचा अभ्यास करून दाखवले की, अशा उपक्रमांत विकास ही कोणत्याही कौशल्यावाचून, केवळ उत्साहाने करता येण्याजोगी गोष्ट ठरते.

या प्रवृत्तीवरील सर्वांत कठोर टीका त्याहून जुनी आहे. इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात त्यांना सरळ परत जावयास सांगितले. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याशी बोलण्यासाठी भाषाही या तरुणांपाशी नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. स्वतः इलिच लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या परदेशीयांना स्पॅनिश शिकवणारे केंद्र मेक्सिकोत चालवत होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आक्षेप केवळ वक्तृत्वाचा राहत नाही. मात्र इलिच एका ठिकाणी अपुरे वाटतात. त्यांच्या चित्रात यजमान हा केवळ सोसणारा आहे. तो पाहुण्याला वापरून घेऊ शकतो, बेने इस्राएलांप्रमाणे त्याचा हेतू बाजूला सारून त्याचे व्याकरण तेवढे उचलू शकतो, ही शक्यता त्यांच्या विचारात फारशी येत नाही.

तरीही ही शक्यता प्रौढ आणि संघटित समाजाला जितकी उपलब्ध असते तितकी मुलांना नसते. सहा वर्षांच्या मुलाला पाहुण्याचा हेतू ओळखून निवड करता येत नाही. दर काही आठवड्यांनी नवा चेहरा येतो, तीच बाराखडी, तीच गाणी पुन्हा सुरू होतात, मूल जीव लावते आणि चेहरा निघून जातो. अनाथालयांच्या बाबतीत हा प्रश्न इतका गंभीर झाला की संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अशा स्वयंसेवी भेटींमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

मुले परकी भाषा शिकतात ती कोणाशी तरी रोज बोलावे लागते म्हणून. याचे उदाहरण शोधण्यासाठी अष्टमीहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाडीच्या मुखापर्यंत गेले तरी पुरे. तेथे कोर्लईच्या किल्ल्याखालील वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून जन्मलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता या किनाऱ्यावरून १७४० मध्ये गेली. बोली राहिली, कारण ती घरातून मुलांपर्यंत गेली होती. तिच्यामागे सत्ता, चर्च आणि विषम संबंधांचा इतिहास आहे, हे विसरून तिचे कौतुक करता येणार नाही; परंतु भाषा कशाने टिकते याचा दाखला म्हणून ती बोलकी आहे.

फलटणचा वेगळा निर्णय

आता १९६१ मधील त्या तिसऱ्या गोष्टीकडे. मॅक्सीन बर्नसन इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून आल्या, काही काळाने परतल्या, भाषाविज्ञानाकडे वळल्या आणि १९६६ मध्ये संशोधनासाठी फलटणला आल्या. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेद हा त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकवली. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दलित वस्तीतील शाळेबाहेर पडलेल्या मुलांसाठी त्यांनी अनौपचारिक वर्ग सुरू केले, त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. शाळेला ज्यांचे नाव दिले त्या कमलाबाई निंबकर याही मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. भारतात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय त्यांनी मुंबईत १९५० मध्ये सुरू केले होते.

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, ती शिकवण्यासाठीच ज्या या देशात आल्या, त्यांनी मुलांसाठी शाळा काढताना मराठी माध्यम निवडले. या निर्णयाचे महत्त्व भावनिक नाही. बोलीचा अभ्यास केलेल्या व्यक्तीला हे दिसत होते की, वस्तीतल्या मुलाची घरची मराठी आणि पाठ्यपुस्तकाची मराठी यांत अंतर आहे, आणि हे अंतर ओलांडण्याआधीच मूल ‘मंद’ ठरवले जाते. त्यामुळे इंग्रजी येणे-न येणे हा दुसरा प्रश्न होता. पहिला प्रश्न मुलाला स्वतःच्या भाषेत वाचता येणे हा होता. संस्थेने वाचनाची जी पद्धत घडवली तीत वर्णमालेच्या क्रमाऐवजी अक्षरांचे छोटे गट घेऊन मुलांना लवकरात लवकर अर्थपूर्ण शब्द वाचता-लिहिता यावेत यावर भर होता. न्यूझीलंडमधील सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ या १९६३ च्या पुस्तकात माओरी मुलांना त्यांच्या मनातल्या शब्दांपासून इंग्रजी वाचन कसे शिकवले याचे वर्णन केले आहे. भाषा निराळी, पण आरंभ मुलाच्या शब्दापासून करण्याची दृष्टी तीच.

राहाबीच्या कथेशी फलटणचे साम्य आता सहज दिसेल. आधी विचारणे, मग शिकवणे, आणि शिकवण्याचे काम स्थानिक शिक्षकांच्या हाती देणे. फरक इतकाच की राहाबी निघून गेला आणि बर्नसन राहिल्या. दुसऱ्या टोकाला असेही म्हणता येईल की, अशा अपवादात्मक व्यक्तींवरून नियम बांधता येत नाही. हा आक्षेप योग्य आहे. कोणत्याही स्वयंसेवकाकडून त्याने नागरिकत्व घ्यावे, आयुष्य घालवावे अशी अपेक्षा करता येणार नाही. परंतु फलटणच्या उदाहरणातून मुदतीपेक्षा क्रम शिकण्यासारखा आहे. तीन महिन्यांसाठी येणाऱ्यानेही पहिला महिना विद्यार्थी म्हणून घालवावा, वर्ग स्वतः न घेता तेथील शिक्षकाच्या इंग्रजी बोलण्याला सोबत द्यावी, आणि आपण गेल्यानंतर वर्गात काय चालू राहील हे येण्याआधी ठरवावे, यांत अशक्य असे काही नाही. हे होत नाही, कारण अशा पाहुण्याचे छायाचित्र मुलांच्या घोळक्यात जसे उठून दिसते तसे शिक्षकाच्या शेजारी बसून दिसत नाही.

रोहा तालुक्यातील वाड्या

ही सर्व चर्चा परदेशी पाहुण्यांपुरती ठेवली तर महाविद्यालयीन प्राध्यापकाला ती सुखावह वाटेल, आणि तेथेच तिचे मोल संपेल. रोहा, पेण, सुधागड या तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. पावसाळा सरला की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. या मुलाची घरची भाषा कातकरी. शाळेत त्याला भेटणारी मराठी ही त्याची दुसरी भाषा, आणि २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे त्याच वर्षी तिसरीही भाषा त्याच्यापुढे येते. वाडीतल्या पालकाला इंग्रजी हवी आहे, हेही तितकेच खरे आहे. त्याने ती मागणे हे फुले दांपत्याने ती मागण्याहून निराळे नाही. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात त्यांनी त्याला मातृभाषेचे महत्त्व पटवू जावे, यात औचित्य नाही. प्रश्न इंग्रजी द्यावी की नाही हा नसून ती कोणत्या शब्दापासून सुरू करावी आणि कोणी, हा आहे.

या वाड्यांवर परदेशी स्वयंसेवक क्वचितच पोचतो. पोचतात ते आपलेच विद्यार्थी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या नियमानुसार विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करावयाचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. १२० तासांचा हा आकडा परदेशी इंग्रजी शिक्षकाच्या प्रमाणपत्राशी जुळतो हा निव्वळ योगायोग, पण तो बोचणारा आहे. शिबिरात रस्त्याची डागडुजी होते, वनराई बंधारा बांधला जातो, सायंकाळी पथनाट्य होते, आणि दुपारी मुलांना जमवून इंग्रजी मुळाक्षरे व दोन-चार वाक्ये शिकवली जातात. सातव्या दिवशी समारोप होतो. बंधाऱ्यात निदान पाणी अडते. इंग्रजीच्या त्या वर्गाचे आठव्या दिवशी काय होते, याचा रकाना अहवालात नसतो. ज्या परदेशी तरुणांवर इलिच यांनी टीका केली त्यांना निदान स्पॅनिश येत नाही हे माहीत होते. शहरातून वाडीवर जाणारा मराठी विद्यार्थी आपल्याला तेथली भाषा येतेच असे गृहीत धरून जातो.

शिबिराचे वेळापत्रक महाविद्यालयातच तयार होते. श्रमदान, बौद्धिक, गटचर्चा, सांस्कृतिक कार्यक्रम असे त्याचे ठरलेले भाग असतात. वाडीतील एखाद्या आजीने किंवा सातवीतल्या मुलाने शिबिरार्थींना कातकरी शब्द शिकवावेत यासाठी त्यात पहिल्या दिवशी एक तास ठेवता येईल. तो ठेवण्यासाठी कोणत्याही परवानगीची वा अनुदानाची आवश्यकता नाही.